एकेचाळीस फाइली आणि जिन्यातले सगळे आबा

नारिन, सोमवार संध्याकाळ

आदरणीय जिपार एजे,

धाकट्या बहिणीचा, तुरसुनायचा, सलाम. तू बरी आहेस ना, भावजींची पाठ बरी आहे ना, मुलांच्या परीक्षा, तुमच्याकडचं गरम पाणी, सगळं जिथल्या तिथे आहे ना. इकडे सगळं ठीक आहे असं लिहून पुढे जायची रीत आहे. ते वाक्य मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, वर शाई दिसेलच. थंडी उणे एकवीस आहे, पाइप अजून फुटलेले नाहीत, तुझा भाचा ओशच्या वसतिगृहात खुशाल आहे, आणि आमचे हे दोलोनच्या घाटात बर्फ सारायच्या गाडीवर पंधरा दिवसांच्या पाळीला गेलेत (तिथे एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तरच फोन लागतो, आणि तो दगड सध्या बर्फाखाली आहे). म्हणजे घरात मी एकटीच होते. जे झालं ते माझ्या एकटीच्या हातून झालं, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तू दुसऱ्या कुणाला शोधणार नाहीस.

पत्र टॅक्सीवाल्याबरोबर पाठवते आहे, तळलेल्या बोर्सोकच्या पिशवीत, अगदी तळाशी. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. एक तर तू संध्याकाळी तुमच्या शहरातल्या दवाखान्यात माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या खाटेशी बसलेली असतेस आणि तुझा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. दुसरं म्हणजे हवेतून काही पाठवायची मला सध्या भीती वाटते. कागद ज्याच्या हातात देतो त्याच्याच हातात जातो. हे पत्र आबांसमोर वाचू नकोस. जिन्यात वाच.

गुरुवारी त्यांचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार, हे तुला माहीतच आहे. आवाज राहील असं एकाही डॉक्टरने म्हटलेलं नाही. आबांनी मला ते सांगितलं तेव्हा चौतीस वर्षं हवामान केंद्रात काम केलेल्या माणसासारखंच सांगितलं, "शक्यता कमी," आणि चहा मागितला. सप्टेंबरपासून ते अधूनमधून दार लावून फोनशी बोलत होते. सात पिढ्यांचे पूर्वज, कोण कुठल्या खोऱ्यातून आलं, कुठल्या हिवाळ्याने किती मेंढ्या नेल्या, कुठल्या दोन भावांनी एका घोडीवरून बोलणं सोडलं, सगळं. अशी एकेचाळीस रेकॉर्डिंगं झाली. प्रत्येकाची सुरुवात तारीख, वेळ, तापमान आणि वाऱ्याची दिशा. त्याशिवाय त्यांना बोलायलाच येत नाही. जाताना त्यांनी साधा बटणांचा फोन बरोबर घेतला, हा मोठा फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "सुने, हे कॉम्प्युटरात घे, ऐकून टाइप कर, पुस्तिका छापू. कॉम्प्युटरात गेलं की फोनवरचं पूस. फोन नातवाला द्यायचाय. पोराने माझा खोकला ऐकत बसू नये." मी मान हलवली. एकवीस वर्षांत त्यांनी मला इतकं मोठं काम दिलं नव्हतं. त्या रात्री वहीत मी लिहिलं आहे, 'आज विश्वास टाकला.' ते पान मला आता उघडवत नाही.

आता वायर लावून काम झालं असतं तर हे पत्रच नसतं. पण आबा फोन आणि कुरुत, ते वाळवलेल्या दह्याचे गोळे, एकाच खिशात ठेवतात, आणि फोनच्या बुडाच्या भोकात आठ महिन्यांचा कुरुतचा चुरा दडपून बसलाय. सुईने थोडा काढला, पण जास्त खोल जायची छाती झाली नाही. दोन नकाशासंग्रह वर ठेवून दाबलं तर चार्जिंग तेवढं होतं, फाइली जात नाहीत. म्हणून ब्लूटूथ. शनिवारी सकाळी चहा न पिताच मी बसले. आधी कॉम्प्युटरला फोन दिसेना. मग फोनला कॉम्प्युटर दिसायला लागला, पण कॉम्प्युटरने ओळख दिली नाही. मग दोघे एकमेकांना दिसले आणि 'जोडत आहे' असं लिहून गोल चकती फिरत राहिली, मी दोन धुणी वाळत घालून आले तरी फिरतच होती. दोन्ही बंद करून चालू केले. विमानात बसल्यासारखा फोन करायचं एक बटण असतं, ते दाबून सोडलं. फोन कॉम्प्युटरला चिकटवून ठेवला, मग हातभर लांब नेला. मायक्रोवेव्हची वायर काढली, कारण त्याच्या लहरी आड येतात असं वाचलं होतं (मायक्रोवेव्ह चार वर्षं बंदच पडलेला आहे, पण वायर काढल्यावर मला बरं वाटलं).

आणि मग कॉम्प्युटरने तो प्रश्न विचारला. पडद्यावर मधोमध आबांचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, जाड अक्षरात (ते तुझ्या भाच्याने फोन घेतला तेव्हाच घालून ठेवलं होतं), आणि खाली लिहिलेलं, 'यांना तुम्ही ओळखता का? हो / नाही.' एजे, मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. सुनेने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं, एकवीस वर्षांत मी ते एकदाही तोंडातून काढलेलं नाही; मग 'हो' वर दाबणं म्हणजे नाव घेणं का? तोंड तर बंद आहे. पण उत्तर मी देते आहे, आणि उत्तर त्या नावाला आहे. 'नाही' दाबावं तर सासऱ्यांना ओळखत नाही असं लेखी दिल्यासारखं. मी त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि मग 'हो' दाबलं. तोपर्यंत वेळ संपली होती. कॉम्प्युटरने सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं आणि नाव पट्टीच्या दोन बोटं वर आलं.

शेवटी बाजारातल्या फोन दुरुस्तीवाल्या एर्मेकला फोन लावला. चांगला मुलगा आहे, माझाच विद्यार्थी, भूगोलात काठावर सुटला होता, मलाही एजे, म्हणजे ताईच, म्हणतो.

"एजे, स्क्रीनवर कुठलं नाव दिसतंय?"

"दिसतंय."

"कुठलं?"

"एकच आहे."

"मग वाचा ना ते."

मी कागदाची पट्टी दोन बोटं वर सरकवली.

"चष्मा सापडत नाहीये का?"

"चष्मा आहे. नाव आमच्या आबांचं आहे."

त्याला कळलं. मग म्हणाला, "बरं. मी विचारतो, तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा. नावाच्या शेवटी 'बेक' आहे?" मी फोन ठेवून दिला. मग तो उद्धटपणा झाला असं वाटून पुन्हा लावला. तोवर त्याने दुसरी वाट शोधली होती. म्हणाला, "कॉम्प्युटरला काही विचारूच नका. दोन्हीकडची जुनी ओळख पुसून टाका, रुसलेल्या पाहुण्यांसारखी नव्याने करून द्या. फोनची बॅटरी वाचवायची सोय बंद करा, तीच मध्येच झोप काढते. आणि फोनवरून पाठवा. फोनच्या यादीत कॉम्प्युटरचं नाव येईल, ते दाबा. काय ठेवलंय कॉम्प्युटरचं नाव?"

"आबा."

"कॉम्प्युटरचं?"

आता त्यात काय चुकलं होतं मला अजून कळत नाही. कॉम्प्युटर घेतला पुस्तिकेसाठी, म्हणजे त्यांच्यासाठी. पहिल्या दिवशी त्याने नाव विचारलं. त्यांचं घालता येत नव्हतं, माझं घालायला मी कोण, म्हणून 'आबा' घातलं. घरात त्यांना सगळे तेच म्हणतात. एर्मेक म्हणाला, "ठीक आहे, आबा तर आबा. दाबा."

एर्मेकने सांगितलं तसं केलं आणि यादी आली. तीत लिहिलं होतं: आबा, आबा, तिसऱ्या मजल्याचा टीव्ही, आबा. तीन आबा पाहून क्षणभर थबकले, हे खरं आहे. पण यंत्रं कधी कधी एकच गोष्ट तीनदा दाखवतात, आमच्या शाळेचा प्रिंटर तर पाचदा दिसतो. वरचा तो आपला, असं धरून मी वरचा दाबला. आणि जे सकाळपासून होत नव्हतं ते सुरळीत सुरू झालं. एक, दोन, तीन. दोन तास मी फोनजवळून हलले नाही, श्वाससुद्धा बाजूला सोडत होते. शेवटी आलं, '४१ फाइली पाठवल्या.' मी वहीत वेळ लिहिली, बारा वाजून पन्नास. मग आबांनी सांगितल्याप्रमाणे फोनवरचं पुसलं. पुसलेलं महिनाभर एका टोपलीत पडून राहतं असं दिसलं. पण 'पूस' म्हणजे पूस, अर्धवट पुसणं हा आज्ञेशी खोटेपणा, असा विचार करून ती टोपलीही रिकामी केली. त्यानंतर, आधी नव्हे, त्यानंतर, मी कॉम्प्युटरचा कप्पा उघडला. तो रिकामा होता.

तू विचारशील, आधी का नाही बघितलंस. मीही तेच विचारते आहे. त्या फोनने आकडा बरोबर सांगितला होता, म्हणून. आकडा बरोबर आला की मी विश्वास ठेवते, मुलांच्या वह्या तपासतानाही माझं हेच चुकतं. मी सगळे कप्पे उघडले. आमच्या ह्यांनी काढलेले बर्फाचे चारशे फोटो सापडले, आवाज एकही नाही. एर्मेकला पुन्हा फोन केला. त्याचा आवाजही उतरला.

"एजे, म्हणजे ती तुमच्या कॉम्प्युटरात गेलीच नाहीत."

"मग कुठे गेली?"

"ज्या आबाने 'घेतो' म्हटलं त्याच्याकडे."

"हे किती लांब जातं?"

"दहा मीटर. मध्ये भिंती असल्या तर कमीच. म्हणजे तुमच्या जिन्यातलाच कुणीतरी आबा आहे. त्याने पुसायच्या आत गाठा."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

मी डोक्याला रुमाल बांधला आणि निघाले. शेजारच्या दारापासून सुरुवात केली. सून बाहेर आली. मी विचारलं, तुमच्या सासऱ्यांच्या फोनचं नाव काय ठेवलंय? ती म्हणाली, "आबा. दुसरं काय घालणार मी?" वरच्या मजल्यावर विचारलं, तिथेही आबा. त्यांच्या समोरच्या घरात दोन आबा, एक फोन आणि एक टॅब्लेट, टॅब्लेट जरा मोठा म्हणून 'थोरले आबा'. एजे, आमच्या जिन्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा फोन त्याच्या सुनेने चालू करून दिला आहे, आणि प्रत्येकीला फोनने नाव विचारलं तेव्हा प्रत्येकीच्या तोंडाला तेच कुलूप होतं. जिन्यात आम्ही चौघी जमलो. वरची बुर्मा, जी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि कुणाचं काही राखून ठेवत नाही, म्हणाली, "भूगोलाच्या बाई, आणि दहा मीटरमध्ये पत्ता चुकलात." मग चौघींनी मिळून चौघींच्या आबांचे फोन तपासले. एक आबा झोपेत होते, त्यांच्या उशीखालून काढला. कुठेच नव्हतं. उरला तो एकच, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावरचे सामाक आबा. त्यांची सून बेगिमाय दारातच म्हणाली, "ते दुपारीच आत-बाशी गावी गेले, मयताच्या जेवणाला. फोन? फोन नेलाय की. सोमवारी येतील. फोन करू नका, त्यांना तो उचलता येत नाही, ते फक्त 'हो' दाबतात."

शनिवार दुपार ते सोमवार सकाळ मी कशी काढली ते वहीतही लिहिलेलं नाही. घरात आवाज नको म्हणून रेडिओ लावला नाही, आणि मग शांततेत आबांच्या खोलीचं दार आपोआप कुरकुरलं तरी मी उभी राहत होते. शनिवारी रात्री आबांचा बटणांच्या फोनवरून फोन आला. आता बोलणं त्यांना जड जातं, म्हणून एवढंच म्हणाले, "सुने, गेलं का?" मी म्हणाले, "गेलं, आबा." खोटं नव्हतं. त्या दोन शब्दांइतकं भीतीदायक खरं मी कधी बोलले नाही.

आज सकाळी नऊला खाली दार वाजल्याचं ऐकलं आणि चपला उलट्या घालून उतरले. बेगिमायने दार उघडलं आणि आतून आवाज आला, "आठ नोव्हेंबर, सकाळी सात, उणे चार, वारा ईशान्येकडून." एजे, माझा हात आपोआप रुमालाकडे गेला, केस झाकले आहेत ना ते बघायला. मेजावर साखरेच्या भांड्याला टेकून फोन उभा होता, समोर सामाक आबा आणि दोन म्हातारे, तिघांच्या हातात पेले.

"ये सुने, बस," सामाक आबा म्हणाले. "शनिवारपासून रेडिओ लागलाय. फार छान कार्यक्रम आहे. बोलणारा मला ओळखीचा वाटतो."

मी म्हणाले, तो रेडिओ नाही, ते वरच्या मजल्याचे आबा आहेत.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, "म्हणूनच तापमान नीट सांगतो. पण सुने, तुमच्या चौथ्या पूर्वजाने ती घोडी विकत घेतली म्हणतो तो, ते खरं नाही. ती आमच्याकडून नेली होती. आत-बाशीला त्या मयताच्या जेवणात तीसएक माणसांनी ऐकलं, त्यांनाही विचार. तिथला एक हाजी तर चिडून उठून निघाला होता."

मी विचारलं, किती ऐकून झाली? ते म्हणाले, यादीत जे सगळ्यात वर, तिथपासून सुरुवात केली. वर एकेचाळिसावं. हे एकोणतिसावं चाललंय. मग मी तो दुसरा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला आधीच पडद्यावर दिसत होतं, कारण यादीत एकेचाळिसावं कुठेच नव्हतं.

"ऐकून झालं की पुसतो," सामाक आबा म्हणाले. "नाहीतर फोन सारखा जागा नाही, जागा नाही करतो. सव्वीस वर्षं बस चालवली, उतरलेल्या माणसाची सीट मी कधी अडवून ठेवली नाही." आणि मग माझं तोंड बघून त्यांनी पेला खाली ठेवला. "का? त्याला पुन्हा सांगता येणार नाही का?"

मी गुरुवारचं सांगितलं. सामाक आबांनी फोन मेजावर पालथा घातला. मग ते म्हणाले, "हे मला जिन्यात आधी सांगायला हवं होतंस. मी फोनच फेकून दिला असता, पण पुसलं नसतं."

उरलेल्या फाइली परत आणायच्या तर त्याच हवेतून, दुसरा मार्ग नव्हता (त्यांच्या फोनच्या भोकातही चुरा, तो ब्रेडचा). मी आधी वर जाऊन कॉम्प्युटरचं नाव बदललं. पहिल्यांदाच 'तुरसुनाय' असं स्वतःचं नाव घातलं, आणि ते आगाऊपणाचं वाटलं तरी तसंच ठेवलं. मग कॉम्प्युटर खाली नेला, फोन आणि तो एकाच मेजपोशावर समोरासमोर ठेवले. यादीत माझं नाव एकटंच उभं होतं. सामाक आबांनी ते वाचून मान डोलावली, "हे बरं केलंस. दोन आबा एका खोलीत असले की दोघेही बोलतात, ऐकत कुणीच नाही." एक तास चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ त्या दोन वस्तूंच्या मधून त्यांनी कुणालाही जाऊ दिलं नाही. त्यांची बायको चहाचं तबक घेऊन आली तर दारातच हात आडवा केला, "थांब, सातवे आजोबा चाललेत." एकोणतीस फाइली आल्या. या वेळी मी एकेक उघडली, थोडी ऐकली, आणि मग पुढे गेले. आता त्या कॉम्प्युटरात आहेत, शाळेच्या कॉम्प्युटरात आहेत, आणि दोन पेनड्राइव्हवर आहेत, त्यातला एक पिठाच्या डब्यात (कुठल्या डब्यात ते वहीत लिहिलंय).

पण तीस ते एकेचाळीस गेल्या, सामाक आबांच्या फोनला टोपलीच नाही. बारा. शेवटच्या. ज्यांत आवाज सगळ्यात घोगरा होता आणि दोन वाक्यांमध्ये थांबणं वाढत गेलं होतं, त्या.

मी आज दिवसभर स्वतःला विचारते आहे की मला नक्की भीती कशाची वाटते. प्रामाणिकपणे लिहायचं तर शनिवारी पहिली भीती ही होती की आबा काय म्हणतील. ते ओरडत नाहीत, तू ओळखतेसच. ते खिडकीबाहेर बघतात, ढग वाचल्यासारखे, आणि आठवडाभर तसेच बघतात. रविवारी दुपारी कधीतरी ही भीती मागे पडली आणि तिथे दुसरी येऊन बसली. गुरुवारनंतर मला कुणी विचारलंच नाही, 'सुने, गेलं का?' तर. आधी पहिली भीती वाटली याची मला लाज वाटते. ते खोडून टाकावं असं वाटलं, पण या पत्रात तरी काही पुसायचं नाही असं ठरवलंय.

तुला खूप त्रास दिला. बोर्सोक ताजे आहेत, वॉर्डातल्या बायकांनाही दे. भावजींना सलाम, मुलांचे गाल ओढ. आबांना सांग घर गरम आहे, खिडक्या कापसाने बंद केल्यात, वारा उत्तरेकडून आहे. हे शेवटचं नक्की सांग, ते विचारतील.

तुझी धाकटी,
तुरसुनाय

ता.क. मंगळवार संध्याकाळ आणि बुधवार, एवढेच तुझ्या हातात आहेत. तू या घरची सून नाहीस, तुला त्यांच्यासमोर बसून काहीही विचारता येतं. तुझ्या फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि त्यांना बोलतं कर. त्या हिवाळ्याचं विचार, घोडीचं विचार (सामाक आबांचं म्हणणं सांगितलंस तर आपोआप बोलतील, पण फार चिडवू नकोस, घसा आहे), शेवटच्या वर्षी केंद्रावर एकटे राहिले ते विचार. मुलाच्या शाळेला हवंय म्हण. माझं नाव काढू नकोस. आधी फोन विमानातल्यासारखा कर, नाहीतर मध्ये कुणाचा तरी फोन येईल. प्रत्येक तुकडा झाला की लगेच ऐकून बघ. आणि मला हवेतून काहीही पाठवू नकोस, मी येऊन घेईन.

ता.क. दुसरा. वर 'पुसायचं नाही' असं लिहिलं आणि तिथेच खोटं लिहिलं. सामाक आबांनी बारा पुसल्या नाहीत, अकरा पुसल्या, आणि माझ्याकडे एकोणतीस नव्हे, तीस आल्या. चौतिसावी त्यांनी ठेवली होती. फोन माझ्या हातात देताना हळूच म्हणाले, "ही मी ऐकली, पण कुणाला ऐकवली नाही. तू घरी जाऊन एकटी ऐक." ती माझ्या कॉम्प्युटरात नीट आली होती. मी दार लावून ऐकली. 'अकरा नोव्हेंबर, संध्याकाळी सहा, उणे नऊ, वारा नाही. हे सुनेसाठी. पुढे मला कुणी नाव विचारलं तर मला सांगता येणार नाही. मुलगा घाटात असेल. सुने, तेव्हा तू सांग. मोठ्याने सांग, मी ऐकत असेन. माझी परवानगी आहे.' मग खोकला, आणि संपलं. एजे, माझा एक हात रुमालाकडे गेला आणि दुसऱ्याने मी ती पुसली. का, ते मला सांगता येणार नाही. भरलेलं भांडं हातातून सुटतं तसं झालं. नंतर टोपलीत शोधलं तर सामाक आबांच्या मेजाशी बसून मीच कॉम्प्युटरच्या सगळ्या टोपल्या बंद करून ठेवल्या होत्या, जागा वाचवायला; आणि सामाक आबांनी, दुसऱ्याचा निरोप म्हणून, त्यांच्या फोनवरची ती पाठवल्याबरोबर पुसली होती. तेव्हा बाकीचं राहिलं तरी चालेल. घोडी गेली तरी चालेल. तू एवढंच विचार, 'सुनेला काही निरोप आहे का?' आणि रेकॉर्डिंग चालू ठेव. ते पुन्हा तेच बोलले तर मी धरीन की परवानगी अजून आहे.

ता.क. तिसरा. बुधवारी रात्रीची टॅक्सी घेऊन निघते, गुरुवारी सकाळी सातला पोचेन. दवाखान्याच्या दारावरचा माणूस आत सोडायच्या आधी विचारतो ना, कुणाला भेटायचंय, रुग्णाचं नाव सांगा. तू खाली दाराशी येऊन थांब. पण माझ्याआधी नाव सांगू नकोस. मला थोडा वेळ दे.